एसी ‘बंद करून बघितला’: इंग्रजीतल्या ‘टू’चा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हॉटेल गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या किनाऱ्यावरचं, मध्यम आकाराचं. प्रकरण जुलै महिन्यातलं. बाहेर संततधार, निम्म्या खोल्या रिकाम्या, आणि कर्मचारीही हंगामापेक्षा कमी. रिसेप्शनवर एक प्रशिक्षणार्थी तरुणी होती. ती सत्तरी तालुक्यातल्या एका गावची. घरात कोंकणी बोलायची, पण लिहिणं-वाचणं मराठीत. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात, ही गोव्यातल्या असंख्य मुलांची वाट तिचीही होती. बारावीनंतर हॉटेलच्या कामाचा छोटा अभ्यासक्रम करून ती इथे लागली होती.

तिचं बोलण्यातलं इंग्रजी अडत नव्हतं. पाहुण्याचं म्हणणं तिला कळायचं, तिचं पाहुण्याला कळायचं. अडचण आली ती लिहिण्यात, आणि तीही एका ठरावीक ठिकाणी: दोन क्रियापदं एकापाठोपाठ येतात तिथे.

पाळ्या तीन होत्या: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते रात्री ११, आणि रात्री ११ ते सकाळी ७. पाळी बदलताना हँडओव्हर रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि पुढच्या पाळीने ती वाचून कामाला लागायचं. कर्मचाऱ्यांत गोव्याचे होते तसे ओडिशा, आसाम आणि नेपाळचेही होते. एकमेकांशी बोलणं हिंदीत व्हायचं. लिहिण्याची सामाईक भाषा मात्र इंग्रजीच होती.

काय घडलं

रात्री १०.४० ला २१४ नंबरच्या खोलीतून फोन आला. पाहुणा चेन्नईचा, हिंदी न बोलणारा. त्याने सांगितलं, “वॉटर इज ड्रिपिंग निअर द एसी. आय ट्राइड स्विचिंग इट ऑफ, बट इट्स स्टिल ड्रिपिंग.” पुढे म्हणाला, मी जेवायला बाहेर चाललोय, तुमचा माणूस येऊन बघून गेला तरी चालेल.

तिने फोन ठेवला आणि शेजारच्या सहकाऱ्याला कोंकणीत सांगितलं, की पाहुण्याने एसी बंद करून पळयलो (बघितला), तरी पाणी गळतंच आहे. अगदी बरोबर. मग रजिस्टर उघडून लिहिलं: “२१४. वॉटर निअर एसी. गेस्ट ट्राइड टू स्विच ऑफ एसी, बट स्टिल प्रॉब्लेम.” आणि पाळी संपवून ती गेली.

रात्रपाळीच्या मेंटेनन्सच्या माणसाने नोंद वाचली. त्याने अर्थ लावला तो असा: पाहुणा एसी बंद करायचा प्रयत्न करतोय, पण एसी बंद होत नाही. वाक्य जसं लिहिलं होतं तसाच हा अर्थ होता, वाचणाऱ्याची त्यात काही चूक नाही. तो जादा रिमोट आणि नवे सेल घेऊन वर गेला. खोलीतलं कार्ड काढलं की वीज जातेच, त्यामुळे एसी बंद दिसला यात त्याला वावगं वाटलं नाही. कार्ड घालून त्याने रिमोटने एसी चालू केला, बंद केला, रिमोटचे सेल बदलले. भिंतीवरचा ओलावा बघून निचऱ्याची नळी तुंबली असेल असं धरून तीही साफ केली. पावसाळ्यात हे नेहमीचं काम. पाणी त्या वेळी गळत नव्हतं. रजिस्टरमध्ये “ओके” लिहून तो खाली आला.

पाहुणा साडेबाराला परतला तेव्हा बॅग ठेवायच्या रॅकवरची त्याची सूटकेस भिजली होती. पाणी एसीचं नव्हतंच. वरच्या मजल्यावरच्या ३१४ च्या न्हाणीघरातून जाणाऱ्या पाइपचा जोड सैल झाला होता. वर कोणी आंघोळ केली की फॉल्स सीलिंगमधून पाणी उतरायचं, आंघोळ झाली की थांबायचं. पाहुण्याला दुसरी खोली द्यावी लागली, कपडे धुऊन द्यावे लागले, एका रात्रीचं भाडं सोडावं लागलं.

पाणी एसीचं नाही हे सांगणारा एकच पुरावा त्या रात्री उपलब्ध होता, आणि तो पाहुण्याच्या वाक्यात होता. एसी बंद केल्यावरही पाणी येत राहिलं, म्हणजे उगम बहुधा दुसरीकडे आहे. मेंटेनन्सच्या माणसाला एवढं कळलं असतं तरी त्याने आधी वर पाहिलं असतं. ‘स्विचिंग’चं ‘टू स्विच’ होताना तो पुरावाच पुसला गेला.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

सकाळी ड्युटी मॅनेजरने तिला बोलावलं. त्यांचा तर्क साधा होता: हिने फोनवर नीट ऐकलं नाही. “सर, मी बरोबरच ऐकलं होतं,” एवढंच ती सांगत राहिली. रजिस्टरमधलं वाक्य समोर असल्यामुळे तिचं म्हणणं कोणाला पटेना. लेखी समज द्यायची तयारी झाली.

फोनच्या वेळी शेजारी असलेला सहकारी मध्ये पडला म्हणून प्रकरण वळलं. तिने आपल्याला काय सांगितलं होतं ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. म्हणजे ऐकणं बरोबर, समजणं बरोबर, सांगणंही बरोबर. बिघाड झाला तो फक्त कोंकणी-मराठीतून इंग्रजीत उतरताना. हा या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा टप्पा आहे. निष्काळजीपणा समजून समज दिली असती तर तिने पुढची नोंदही तशीच केली असती, फक्त घाबरत घाबरत.

अडचण नेमकी कुठे

इंग्रजीत ‘ट्राय’नंतर दोन्ही रूपं चालतात आणि दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

“ट्राइड टू स्विच ऑफ” म्हणजे बंद करायचा प्रयत्न केला. जमलं की नाही हे वाक्य सांगत नाही, आणि पुढे ‘बट’ आलं की वाचणारा ‘जमलं नाही’ असंच धरतो.

“ट्राइड स्विचिंग ऑफ” म्हणजे बंद करून बघितला. बंद झालाच. बघायचं होतं ते त्याने फरक पडतो का हे.

मराठीत हा फरक लहान मूलही चुकत नाही. ‘दार उघडायचा प्रयत्न केला’ आणि ‘दार उघडून बघितलं’ यांत कोणाचा गोंधळ होतो? कोंकणीत ‘उगडपाचो यत्न केलो’ आणि ‘उगडून पळयलें’. हिंदीत ‘खोलने की कोशिश की’ आणि ‘खोलकर देखा’. म्हणजे त्या हॉटेलातल्या बहुतेकांच्या तोंडी हा फरक आधीपासून होता. इंग्रजीत तो कुठे ठेवायचा एवढंच माहीत नव्हतं.

मग तिने ‘टू’ का लिहिलं? कारण शाळेत तिच्या मनावर ठसलेला नियम असा होता: दोन क्रियापदं लागून आली की मधे ‘टू’ घालायचं. ‘वॉन्ट टू गो’, ‘होप टू सी’, ‘डिसाइड टू स्टे’, ‘प्लॅन टू कम’. बहुतेक वेळा हा नियम बरोबर उत्तर देतो, म्हणूनच तो टिकतो. जो नियम दहातल्या आठ वेळा चालतो त्याच्यावर कोणी शंका घेत नाही, आणि उरलेल्या दोन वेळा वाक्य व्याकरणाने शुद्ध दिसतं पण अर्थ बदललेला असतो. तपासणाऱ्यालाही लाल शाई कुठे लावावी कळत नाही.

या ‘टू’चा स्वभाव समजून घेतला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. इंग्रजीतलं हे ‘टू’ मुळात ‘-कडे’ या अर्थाचंच. ‘टू द मार्केट’मधलं ‘टू’ आणि ‘टू ईट’मधलं ‘टू’ यांचं मूळ एक. क्रियेच्या दिशेने निघणं, ती क्रिया अजून पुढे असणं, हा भाव त्यात जुन्या काळापासून आहे. आपल्याकडेही तेच झालं आहे. ‘मुंबईला’मधला ‘ला’ आणि ‘जेवायला’मधला ‘ला’ एकच. कोंकणीत ‘रामाक’ आणि ‘जेवपाक’ यांतला ‘क’ एकच. ‘जेवायला निघालो’ म्हटलं की जेवण अजून व्हायचं आहे. इंग्रजीतलं आयएनजीचं (‘स्विचिंग’, ‘ईटिंग’सारखं) रूप मात्र या क्रियापदांच्या मागे आलं की बहुधा चालू असलेल्या किंवा झालेल्या क्रियेकडे बोट दाखवतं.

पुढे असलेले पर्याय

हॉटेलने आणि नंतर तिला शिकवणाऱ्या बाईंनी मिळून चार पर्याय तोलले. या बाई म्हापशातल्या, हायस्कुलातून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका.

एक, रजिस्टर बंद करून त्याजागी खुणा करायचा छापील तक्ता ठेवायचा: एसी, पाणी, वीज, टीव्ही, आणि पुढे चौकट. यात चूक होणार नाही, पण ‘बंद करून बघितला तरी गळतं’ ही माहिती कुठल्याच चौकटीत बसत नाही. नेमका तोच तपशील गळाला असता.

दोन, मराठीत किंवा कोंकणीत लिहायची मुभा द्यायची. तिच्यासाठी उत्तम, पण रात्री ती नोंद वाचणारा ओडिशाचा. हा पर्याय लगेच बाद झाला.

तीन, व्याकरणाच्या पुस्तकामागची यादी पाठ करायची: अमुक क्रियापदांनंतर ‘टू’, अमुकनंतर आयएनजी, अमुकनंतर दोन्ही. बारावीला तिने ही यादी पाठ केलीच होती. परीक्षेत गाळलेल्या जागा भरल्या होत्या आणि गुणही मिळाले होते. फोन ठेवल्यावर पाळी संपायच्या घाईत ती यादी आठवली नाही, आणि आठवली असती तरी ‘ट्राय’ हे ‘दोन्ही चालतं’च्या रकान्यात असल्याने उपयोग झाला नसता. ‘दोन्ही चालतं’ हे उत्तर अर्थाच्या दृष्टीने चुकीचंच आहे.

चार, मराठीतून जायचं. आधी आपल्या भाषेत वाक्य पक्कं करायचं, त्यात क्रिया झाली आहे की व्हायची आहे ते बघायचं, आणि मग इंग्रजी रूप निवडायचं. यावर बाईंनाच आधी शंका होती. ‘इंग्रजीत विचार कर, भाषांतर करू नकोस’ असंच त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं होतं. पण इथे मुलीच्या मराठीत नेमका फरक तयार होता आणि इंग्रजीत नव्हता. असलेलं सोडून नसलेल्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नव्हता. चौथा पर्याय निवडला गेला.

त्याच्या जोडीला एक तात्पुरता उपाय लगेच लागू केला: शंका असेल तिथे दोन क्रियापदं एकत्र आणायचीच नाहीत, वाक्य तोडायचं. “गेस्ट स्विच्ड ऑफ द एसी. वॉटर डिड नॉट स्टॉप.” दोन छोटी वाक्यं, आणि संदिग्धता शून्य. शिकणं पूर्ण होईपर्यंत काम थांबू नये म्हणून ही सोय होती.

काय केलं

६ आठवडे, दर आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दीड तास. साहित्य म्हणजे रजिस्टरची मागच्या ३ आठवड्यांची पानं आणि हॉटेलातून पाहुण्यांना गेलेले मेल, नावं झाकून. पुस्तकातली वाक्यं मुद्दाम घेतली नाहीत.

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त जोड्या. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजू तिने स्वतः लिहायची.

‘स्टॉप’पासून सुरुवात केली, कारण तिथे मराठी सगळ्यात स्पष्ट बोलते. ‘ड्रायव्हर चहा प्यायला थांबला’: “द ड्रायव्हर स्टॉप्ड टू ड्रिंक टी.” ‘ड्रायव्हरने चहा सोडला’: “द ड्रायव्हर स्टॉप्ड ड्रिंकिंग टी.” मराठीत एकदा ‘थांबला’ आणि एकदा ‘सोडला’ किंवा ‘थांबवलं’ येतं. क्रियापदच बदलतं. इंग्रजीत ‘स्टॉप’ तेच राहतं आणि सगळा भार पुढच्या रूपावर येतो. रजिस्टरमध्ये तिची एक जुनी नोंद सापडली, “३०७ गेस्ट स्टॉप्ड टू टेक ब्रेकफास्ट.” तिला म्हणायचं होतं की पाहुणे आता नाश्त्याला येत नाहीत, किचनला कळवा. वाक्याचा अर्थ मात्र ‘नाश्ता करायला थांबले’ असा झाला होता. किचनने दोन ताटं रोज मांडली होती, का ते तेव्हा कोणाला कळलं नव्हतं.

मग ‘रिमेंबर’. ‘तिने आठवणीने लॉकर बंद केला’: “शी रिमेंबर्ड टू लॉक इट.” ‘लॉकर बंद केल्याचं तिला आठवतं’: “शी रिमेंबर्स लॉकिंग इट.” पहिल्या वाक्यात लॉकर बंद झाला ही खबर आहे. दुसऱ्यात फक्त तिची आठवण आहे. काही हरवल्याची तक्रार आली तर या दोन वाक्यांचं वजन सारखं नाही, हे हॉटेलात काम करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

‘फरगेट’ तसंच. ‘वेक-अप कॉल द्यायला विसरले’: “आय फरगॉट टू गिव्ह.” कॉल दिलाच नाही. आयएनजी लावलं तर ‘दिलेला विसरले’ असं होतं. रजिस्टरमध्ये पहिल्याचीच गरज जास्त लागते.

‘रिग्रेट’ हॉटेलच्या मेलमध्ये रोजचं. पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद असेल तर “वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू” हेच बरोबर, कारण कळवणं आत्ता व्हायचं आहे. “वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू” म्हटलं तर ‘तुम्हाला कळवलं याचा पश्चात्ताप होतोय’ असं होईल.

प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या क्रियापदाच्या वेळी दुसरी क्रिया झालेली आहे की व्हायची आहे? व्हायची असेल तर ‘टू’. झालेली किंवा चालू असेल तर आयएनजी. चौथ्या-पाचव्या कार्डापासून तिचं उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत येऊ लागलं.

तिसऱ्या आठवड्यात हेतू सांगणारा ‘टू’ घेतला. मराठीतलं ‘-ण्यासाठी’ तिला ‘फॉर’कडे ओढत होतं: “गेस्ट केम फॉर टेकिंग की”, कधी “फॉर टू टेक”. कोण कशासाठी आलं, गेलं, थांबलं हे सांगताना नुसतं ‘टू’ पुरतं: “केम टू टेक द की.” ‘फॉर’नंतर नाम घ्यायचं: “केम फॉर द की.” ‘फॉर’ आणि आयएनजी एकत्र शोभतात ते वस्तूचा उपयोग सांगताना: “अ कार्ड फॉर ओपनिंग द डोअर.” माणसाचा हेतू आणि वस्तूचा उपयोग, मराठीत दोन्हीला ‘उघडण्यासाठी’. इथे मराठी मदत करत नाही, हे मोकळेपणाने सांगणं भाग होतं.

‘सांगितलं’चीही अशीच गोष्ट. ‘पाहुण्याला थांबायला सांगितलं’ यातला ‘ला’ तिच्याकडून “टोल्ड टू गेस्ट टू वेट” लिहवून घ्यायचा. ‘टेल’ला माणूस थेट जोडतो: “टोल्ड द गेस्ट टू वेट.” आणि नकार कुठे बसतो ते बघा. ‘नळ उघडू नका असं सांगितलं’ म्हणजे “टोल्ड द गेस्ट नॉट टू ओपन द टॅप.” ‘नळ उघडायला सांगितलं नाही’ म्हणजे “डिड नॉट टेल द गेस्ट टू ओपन द टॅप.” पाइप दुरुस्त होत असताना यातलं पहिलं म्हणजे काळजी घेतली, दुसरं म्हणजे काहीच बोललो नाही.

मध्येच काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती एका पाहुण्याला म्हणाली, “वुड यू माइंड टू वेट?” चूक. वाईट वाटावं असं म्हणजे महिनाभरापूर्वी तेच वाक्य ती “वुड यू माइंड वेटिंग?” असं अचूक म्हणत होती, प्रशिक्षणात घोटून घेतलेलं म्हणून. आता तिने नवा प्रश्न लावला: थांबणं व्हायचं आहे, म्हणून ‘टू’. प्रश्नाने तिला बरोबर येत असलेल्या वाक्यातून बाहेर काढलं.

दोष तिचा नव्हता. ‘झालंय की व्हायचंय’ हा प्रश्न फक्त ज्या क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ बदलतो त्यांच्यापुरता आहे. ही मर्यादा तिला सांगितलीच गेली नव्हती. काही क्रियापदं क्रिया पुढची असली तरी आयएनजीच घेतात, आणि त्यांना नियमात कोंबण्यात हशील नाही. बाईंनी हॉटेलात लागणारी तेवढीच सहा निवडली: माइंड, सजेस्ट, रेकमेंड, अव्हॉइड, फिनिश, एन्जॉय. ती पाठच करायची. ‘सजेस्ट’साठी विशेष सूचना, “सजेस्टेड द गेस्ट टू टेक अ टॅक्सी” असं नको, माणूस घालायचा असेल तर “ऍडव्हाइज्ड द गेस्ट टू टेक अ टॅक्सी”.

दुसरा खड्डा मेलच्या शेवटच्या ओळीत होता: “वी लुक फॉरवर्ड टू वेलकम यू.” स्वागत पुढे व्हायचं आहे, ‘टू’ समोर दिसतंय, मग चुकलं कुठे? हे ‘टू’ इन्फिनिटिव्हचं, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारं, नाहीच. ओळखायची खूण सोपी: ‘टू’नंतर क्रियापदाच्या जागी नाम ठेवून बघायचं. “लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट” चालतं, म्हणून तिथे “टू वेलकमिंग यू”. “यूज्ड टू द हीट” चालतं, म्हणून ‘उकाड्यात काम करायची सवय आहे’ हे “आय ऍम यूज्ड टू वर्किंग इन द हीट”. पण ‘पूर्वी मी तिथे काम करायचे’ हे “आय यूज्ड टू वर्क देअर”. तिथे मागे ‘ऍम’ नाही आणि पुढे नाम बसत नाही. नाम ठेवून बघायची ही युक्ती तिला इतकी आवडली की पुढचे काही दिवस ती प्रत्येक ‘टू’ला लावत होती, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत होती.

निष्पत्ती

सहाव्या आठवड्याअखेर रजिस्टरमधल्या तिच्या नोंदींत ‘ट्राय’, ‘स्टॉप’, ‘रिमेंबर’, ‘फरगेट’ यांची रूपं अर्थाप्रमाणे येऊ लागली. घाईत बोलताना ‘फॉर टेकिंग’ अजून निसटतं. त्याने पाहुण्याचं काही अडत नाही, म्हणून ते तूर्त सोडून दिलं.

एक चूक मात्र शेवटपर्यंत चिवट राहिली: “बल्ब नीड्स टू चेंज.” मराठीत ‘बल्ब बदलायला हवा’ म्हणताना बदलणारा कोण याचा उल्लेखच लागत नाही. इंग्रजीत या वाक्याने बल्ब स्वतःच बदलायला निघतो. “नीड्स चेंजिंग” किंवा “नीड्स टू बी चेंज्ड” हवं. हे तिला समजतं, सांगता येतं, आणि लिहिताना तरीही निसटतं. मराठी ‘-ायला हवा’ दोन्ही अर्थ सांभाळते, त्यामुळे मनात धोक्याची घंटा वाजतच नाही. त्यावर उपाय म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूला तीन वाक्यांची चिठ्ठी लावली आहे: बल्ब, टॉवेल, सेल.

मॅनेजरनी रजिस्टरची आखणी बदलली. आता तीन रकाने आहेत: पाहुण्याचे शब्द जसेच्या तसे, आपण स्वतः पाहिलेलं, आणि करायचं काम. पहिल्या रकान्यात सुधारणा करायची नाही. त्या रात्री हा रकाना असता तर ‘स्विचिंग’ तसंच उतरलं असतं. लेखी समज द्यायचं रद्द झालं, आणि प्रशिक्षण संपल्यावर तिला कायम करण्यात आलं.

वेगळं काय करता आलं असतं

सहा क्रियापदांची यादी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. आधी अपवाद दिले तर विद्यार्थी बिचकतो या भीतीने बाईंनी ती मागे ठेवली. परिणाम उलटा झाला, बरोबर येत असलेलं वाक्य बिघडलं. नवा नियम देताना तो कुठे लावायचा नाही हे त्याच बैठकीत सांगायला हवं.

शाळेच्या पातळीवर, पाचवीत माध्यम बदलताना ‘स्टॉप’ आणि ‘ट्राय’च्या जोड्या मराठी वाक्यांशेजारी ठेवून शिकवता येतील. दोन तासांचं काम आहे. त्या वयात ‘थांबला’ आणि ‘थांबवलं’ यांतला फरक मुलांच्या जिभेवर ताजा असतो. मराठी शाळेतून आलेलं मूल इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हाताने येतं असं धरून चालणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

आणि शिकवणी फक्त लिहिणाऱ्या मुलीलाच दिली गेली, वाचणाऱ्याला नाही. मेंटेनन्सचा माणूस रजिस्टरवर पूर्ण विसंबून होता आणि शंका आली तर रिसेप्शनला फोन करायची पद्धत नव्हती. त्या रात्री एक हिंदी प्रश्न पुरला असता: “एसी बंद करके देखा, या बंद ही नहीं हो रहा?” तिच्याकडे उत्तर तयार होतं. आता पाळी बदलताना पाणी, वीज आणि लिफ्ट यांच्या प्रत्येक नोंदीबद्दल असा प्रश्न तोंडी विचारला जातो, आणि उत्तर मिळाल्यावरच पुढची पाळी सही करते.